भाड्याच्या घरात अपघात झाला तर मालक किती अडकतो?

तुमचा प्रश्न असा: इंदूरला सुदामानगरात वडिलोपार्जित दुमजली घर भाड्याने दिलंय, तुम्ही स्वतः पुण्यात राहता. तिथे कुणाला शॉक लागला किंवा कुणी जिन्यावरून पडलं, तर तुमच्यावर काय येईल? मित्र म्हणतोय, कंपनी काढून घर तिच्या नावावर करून टाक. मी इंदूरमध्येच लोकमान्यनगरला राहतो, आणि भंवरकुआकडच्या आमच्या घरात शिकणारी मुलं भाड्याने आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीचा विचार सोडून द्या. घर तिच्या नावावर करायचं तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आला, शिवाय दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्रं. एवढं करूनही कुणाचा जीव गेला तर पोलीस हलगर्जी कुणाची तेच बघणार. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्यातून ना कंपनी सोडवते, ना विमा.

जबाबदारी ताब्यावरून ठरते. खोल्या भाडेकरूच्या ताब्यात गेल्या, तरी जिना, गच्ची, पाण्याची टाकी, मोटर आणि मीटरची जागा तुमच्याकडेच राहते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत मीटर जिन्याखाली असतात, त्यांच्याच खाली चार-पाच स्कूटर अंगाला अंग लावून उभ्या, आणि बाहेर पडायला तेवढाच एक जिना. मे 2022 मध्ये इंदूरच्याच स्वर्णबाग कॉलनीत इमारतीला आग लागून सात जण गेले. खाली उभ्या असलेल्या स्कूटरला एका माणसाने आग लावली होती, तरी गुन्हा घरमालकावरही दाखल झाला. कराराचा कागद काढण्याआधी गाड्या मीटरपासून लांब लावायची सोय करा.

वायरिंगवर पैसे खर्च करायला अजिबात हात आखडू नका. नुसती एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, माणसाला शॉकपासून वाचवत नाही, ती जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडते. अंगातून जाणारा गळतीचा करंट पकडायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे, नाही पडला तर ती बदलायची. अर्थिंग तपासून घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून तारखेसह पक्कं बिल घ्या. बंद न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर आजच काढा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आत गेलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

आता करार. ‘कोणत्याही अपघातास मालक जबाबदार नाही’ ही ओळ सगळेच टाकतात, पण भाडेकरूकडे आलेला पाहुणा किंवा कामवाल्या बाईंचं मूल त्या ओळीने बांधलं जात नाही, आणि पोलीसही नाहीत. त्यापेक्षा कुठली दुरुस्ती कुणी करायची, बिघाड कुठे कळवायचा, गच्चीवर कोण जाणार, हे स्पष्ट लिहा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चं कलम 108 नीट वाचून ठेवा. तुम्हाला माहीत असलेला, पण भाडेकरूला सहज न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. जी दुरुस्ती तुमच्याकडे आहे ती सूचना मिळूनही वाजवी वेळेत केली नाहीत, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. तक्रार आली की व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच उत्तर द्या, माणूस पाठवा, काम झाल्याचा फोटो मागवून ठेवा. पुण्यात बसून हे होणार नाही असं वाटत असेल तर इथल्या एखाद्या नातेवाइकाला सांगा, पण कुणीतरी हवंच.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. असे आदेश इथे निघत असतात आणि ते मोडले तर न्याय संहितेचं कलम 223 लागतं. काम अर्ध्या तासाचं आहे.

विम्यात बहुतेकांची गफलत होते. 1 एप्रिल 2021 पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, पूर, भूकंप, वादळ यांत घराचं आणि सामानाचं झालेलं नुकसान भरून देते. जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाने तुमच्याकडे मागितलेली भरपाई तिच्यात येत नाही. त्यासाठी ‘हाउसहोल्डर्स पॅकेज’ या दुसऱ्या पॉलिसीमधला सार्वजनिक दायित्वाचा भाग वेगळा मागावा लागतो. प्रस्तावात घर भाड्याने दिलंय हे लिहा. खाटेच्या हिशेबाने मुलं ठेवणार असाल तर तेही लिहा, नाहीतर वापर लपवला म्हणून दावा अडकतो. एजंट तोंडी ‘सब कव्हर है’ म्हणाला तरी ऐकू नका. दायित्वाची रक्कम पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तिच्यासोबतच्या तपशिलाच्या तक्त्यात, छापून आली असेल तरच हप्ता भरा.