तिसरा रकाना

"ताई, कोचनं आमच्या मुलाला फसवलं. आता हा पोरगा कुणावर विश्वास ठेवेल असं वाटत नाही. मी काय करू?"

नोव्हेंबरच्या मध्यात डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून एका आईचा फोन आला, तो थेट या वाक्यानं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे आईवडील (इथं फुटबॉल म्हणजे अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा) हिवाळा आला की थोड्याफार फरकानं हेच विचारतात. मराठी घरातून मात्र हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला. कुटुंबाच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा बारावीत, किकर, म्हणजे दोन खांबांच्या मधून चेंडू लाथेनं मारून गुण मिळवणारा. जूनमध्ये एका विद्यापीठाच्या कॅम्पला गेला आणि ४७ यार्डांवरून लागोपाठ तीन किक खांबांच्या मधून काढल्या. कोचनं खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "यू आर अवर गाय." त्याच रात्री विद्यापीठाच्या जर्सीतला फोटो इन्स्टाग्रामवर चढला, खाली एकच शब्द: 'कमिटेड', म्हणजे मी याच संघाकडून खेळणार. सांगलीच्या आजीनं फोनवर विचारलं, "कुणाची गाय रे?" घरात तो उन्हाळाभराचा विनोद झाला. नोव्हेंबरात तो कुणी काढेनासं झालं.

कारण कोचचा फोन आला होता. जानेवारीत ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडलं की ते कॉलेजमध्ये खेळून मुरलेला किकर घेणार. याला स्कॉलरशिप, म्हणजे खेळाच्या जोरावर मिळणारी फीची मदत, नाही; 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून यायचं असेल तर दार उघडं आहे. म्हणजे फी स्वतः भरायची आणि संघात जागा मिळेल असं समजून जायचं. त्या समजण्यालाही आता फारसा अर्थ उरलेला नाही. पूर्वी कॉलेज फुटबॉलच्या वरच्या स्तरावर एका संघाला स्कॉलरशिप ८५ असायच्या आणि वॉक-ऑन धरून अनेक संघ सव्वाशेच्या घरात जायचे. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या खटल्यात कोर्टानं मंजूर केलेल्या समझोत्यानंतर, तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत संघात सगळे मिळून १०५. यात पहिली कात्री लागते ती वॉक-ऑन मुलांना.

पहिल्या भेटीत बाबाच बोलत होते. "आमच्याकडे शब्द दिला की दिला." मुलगा हूडीत तोंड घालून बसला होता. मी बाबांना अडवलं नाही, पण तो 'शब्द' नेमका कोणता होता ते मला बघायचं होतं. एका कागदावर तीन रकाने आखायला सांगितले: कोच काय म्हणाला, आपण काय ऐकलं, आणि लेखी काय आहे.

पहिल्या रकान्यात "यू आर अवर गाय", "वी वॉन्ट यू इन धिस क्लास", अशी पाच-सहा वाक्यं आली. दुसऱ्या रकान्यात बाबांनी न थांबता लिहिलं: चार वर्षांची पूर्ण फी. तिसऱ्यात पेन टेकलंच नाही.

'ऑफर' या शब्दानं इथं फार घरांना चकवलंय. कोच एकाच जागेसाठी अनेकांना ऑफर देतात. त्यातली 'कमिटेबल' किती, म्हणजे आज मुलानं हो म्हटलं तर खरोखर धरली जाईल अशी किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तोंडी कमिटमेंट कोचलाही बांधत नाही आणि मुलालाही नाही. लेखी ऑफर बारावीच्या १ ऑगस्टच्या आधी देताच येत नाही, सही होते ती डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे २ ऑगस्टला विचारायचा साधा प्रश्न होता: "कोच, कागद कधी पाठवताय?" तो या घरातून कुणी विचारला नाही. आई म्हणाली, "विचारलं असतं तर विश्वास नाही असं वाटलं असतं ना त्यांना." भिडेपोटी गप्प राहायचं हे आपल्या घरांतलं जुनंच दुखणं. इथं ते फार महाग पडतं.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगस संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकून देऊन संघाबाहेर पडला. एक लाख डॉलर कबूल केले होते, मिळाले नाहीत, असं त्याच्या प्रतिनिधीचं म्हणणं. विद्यापीठाची बाजू वेगळी होती. ती कबुली तोंडीच होती हे मात्र प्रतिनिधीनंच सांगितलं. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसले.

दुसऱ्या भेटीला मी मुलाला एकट्याला बोलावलं. तो एकदम म्हणाला, "मावशी, लिंकन रायली माहितीय?" हा तेव्हा ओक्लाहोमा विद्यापीठाचा कोच. २७ नोव्हेंबर २०२१ च्या सामन्यानंतर पत्रकारांना म्हणाला, मी एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) कोच होणार नाही. दुसऱ्या दिवशी तो यूएससीला, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला, गेल्याचं जाहीर झालं. "खोटं नाही बोलला. एलएसयूला नाहीच गेला," मुलगा म्हणाला. मग खूप वेळ गप्प. मग, "मी पण तसंच केलंय."

ऑगस्टच्या शेवटी त्याची जांघ लचकली होती. सप्टेंबरमध्ये कोचनं नवे व्हिडिओ मागितले तेव्हा त्यानं जूनचेच, दुसऱ्या अँगलचे पाठवले. ताजे आहेत असं म्हणाला नाही. कोचनंही विचारलं नाही. सामन्यांत मात्र तो चाळीसच्या पुढे एकदाही गेला नव्हता, आणि कोचला ते आकडे दिसत होतेच.

माझं मत सांगते. कोच जूनमध्ये खोटं बोलला असं मला वाटत नाही. जूनमध्ये तेच त्याच्या मनात असावं. पण ऑक्टोबरात मन बदललं तेव्हा एक फोन करणं त्याचं काम होतं. तो पगारी मोठा माणूस, आणि समोरचा सतरा वर्षांचा. दोघांचं गप्प राहणं एका मापात तोलायला मी तयार नाही. मुलगा तोलू पाहत होता, सगळं स्वतःवर घेत होता, आणि तिथं मी त्याला थांबवलं. आपली चूक मान्य करणं वेगळं, आणि कोचच्या चुकीचं ओझंही स्वतःच्या पाठीवर घेणं वेगळं.

बाबांना विद्यापीठाला कडक मेल लिहायची होती. मुलानं फोन करायचं ठरवलं. आम्ही दोन वेळा तालीम केली. कोच मी झाले होते, आणि जरा जास्तच खडूस झाले. खऱ्या फोनवर त्यानं विचारलं, "ऑक्टोबरात का नाही सांगितलंत?" कोच म्हणाला, जमेल अशी आशा होती. मग मुलानं जांघेचं आणि व्हिडिओचं सांगितलं. पलीकडे शांतता. शेवटी, "थँक्स फॉर टेलिंग मी." स्कॉलरशिप अर्थातच परत आली नाही. पण त्या रात्री तो जेवायला टेबलावर आला, आणि आईनं मला फोन केला तो हे सांगायला.

जानेवारीत डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरावरच्या, एका छोट्या कॉलेजशी बोलणं सुरू झालं. तिथं खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, मदत मिळते ती मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर. पहिल्याच फोनवर यानं दुखापतीचं सांगून टाकलं. त्या कोचनं विचारलं, "आज किती?"

"चाळीस नक्की. पंचेचाळीस अजून नाही."

"मग एप्रिलमध्ये पुन्हा मोजू," कोच म्हणाला. बाबांनी हे वाक्य पहिल्या रकान्यात लिहिलं, दुसरा मुद्दाम कोरा ठेवला.

परवा सांगलीहून आजीचा फोन होता. "मग, आता कुणाची गाय?"

"अजून कुणाची नाही, आजी. पत्र यायचंय."