काळं फासणं, झाकणं आणि पोथीतला हरताळ

प्रश्न असा आला आहे: अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांत अडकलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टाईन, त्याच्या प्रकरणाची कागदपत्रं जाहीर करताना काही नावांवर काळी पट्टी ओढली. त्याविषयी तीन ठिकाणी तीन तऱ्हा वाचल्या. एका बातमीत 'पीडितांच्या नावांना काळं फासलं', दुसरीत 'नावं संपादित केली', तिसरीत सरळ 'रिडॅक्ट केली'. बरोबर मराठी शब्द कोणता? आणि कागदपत्रं 'अनसील' होतात, त्याला काय म्हणावं?

दुसरा प्रश्न सोपा, तो आधी उरकतो. पाकिटावरच्या लाखेच्या शिक्क्याला आपल्याकडे मोहोर म्हणत, म्हणून बंद कागद मोहोरबंद. पण आज कुणी लाख वितळवत बसत नाही, न्यायालयाचा आदेश होतो आणि कागद पाहायला मिळतात. तेव्हा 'कागदपत्रं खुली केली' एवढं पुरे. 'उघड केली' मात्र नको. उघड करतो तो पत्रकार किंवा भांडलेला भागीदार. न्यायालय खुलं करतं.

आता पहिला प्रश्न. 'संपादित' बाद. इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ संपादनाचा आहे खरा, आणि कोशात पहिला अर्थ दिसला की तोच उचलायचा ही अनुवादकांची खोड जुनी आहे. पण नाव संपादित केलं म्हणजे काय केलं? ऱ्हस्वदीर्घ सुधारलं?

'काळं फासलं' हा त्याहून वाईट, कारण तो कानाला अस्सल लागतो आणि अर्थ उलटा करून ठेवतो. मराठीत काळं फासतात ते तोंडाला, आणि ज्याची नाचक्की करायची त्याच्या तोंडाला. पुढे गाढवावरून धिंडही असते. ज्या बाईची अब्रू सांभाळायची म्हणून तिच्या नावावर काळी पट्टी ओढली, तिच्या नावाला आपण काळं फासलं म्हणतो! बातमी लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर फक्त कागदावरचा रंग होता, हे कळतं. पण वाक्प्रचाराला रंग दिसत नाही, त्याला धिंड दिसते.

मग उरले खोडणं, गाळणं, वगळणं आणि झाकणं. खोडतात ते चुकलेलं. गाळलं किंवा वगळलं की मागे खूण उरत नाही, वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही की इथे काही होतं. या कागदांतली काळी पट्टी यातलं काहीच करत नाही. मजकूर खरा आहे, जागेवर आहे, न्यायाधीशांना दिसतो, तुम्हाआम्हाला दिसत नाही, आणि दिसत नाही हे मात्र लख्ख दिसतं. याला 'झाकणं'. 'पीडितांची नावं झाकली', 'नावं झाकलेली प्रत'. शब्द अगदी घरगुती आहे, पातेल्यावरचं ताट आठवतं. असू दे.

इथे थांबता आलं असतं, पण या प्रश्नाने मला एक पोथी आठवली. आमच्या आजोळी फडताळात लाल बासनात गुंडाळलेल्या काही पोथ्या होत्या. त्यातल्या एकीच्या पानांवर मधूनच पिवळे ठिपके दिसत, कुठे अक्षराएवढे, कुठे अर्ध्या ओळीएवढे. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी आमरस सांडलाय. तो हरताळ. आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळं खनिज, संस्कृतात हरिताल. लेखकू चुकला की अक्षरावर हरताळाचा लेप द्यायचा, वाळला की त्यावर नवं अक्षर काढायचं. काही ठिकाणी लेपाची खपली उडालेली होती आणि खालचं चुकलेलं अक्षर पुन्हा डोकं वर काढत होतं.

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. लिहिलेलं पुसून टाकणं, म्हणून पुढे नियमाला, वचनाला, तत्त्वाला हरताळ फासणं. (संपाचा हरताळ हा सख्खा भाऊ नव्हे. तो 'हट्ट' म्हणजे बाजार आणि 'ताळ' म्हणजे कुलूप यांतून आला असं व्युत्पत्तिकार मानतात. नुसता नावासारखा.) मला फार मोह झाला होता की 'नावांवर हरताळ दिला' असं रुळवावं. पण हरताळ चुकीसाठी होता, आणि आता तर त्याचा अर्थ उल्लंघनाशी घट्ट बांधला गेला आहे. तो सोडवता येणार नाही.

गंमत म्हणजे याच प्रकरणात हरताळाला त्याच्या आजच्या अर्थाने चांगलं काम आहे. अमेरिकेत २००४ साली गुन्ह्यातल्या पीडितांच्या हक्कांचा कायदा झाला: सुनावणीची सूचना मिळणं, सरकारी वकिलाशी बोलता येणं, न्यायाने आणि प्रतिष्ठा व खासगीपण राखून वागवलं जाणं. सप्टेंबर २००७ मध्ये फ्लोरिडातल्या केंद्रीय सरकारी वकिलांनी जेफ्री एपस्टाईनशी लेखी करार केला की केंद्रीय खटला भरणार नाही. शिवाय त्याच्या संभाव्य साथीदारांवरही नाही. ज्या मुलींच्या तक्रारींवर हे उभं होतं, त्यांना सांगितलं नाही. उलट जानेवारी २००८ मध्ये त्यांतल्या काहींना तपासयंत्रणेची पत्रं गेली की प्रकरण तपासाधीन आहे, वेळ लागेल, धीर धरा. करार होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते! जूनमध्ये एपस्टाईनने राज्याच्या न्यायालयात दोन हलक्या आरोपांची कबुली दिली, दीड वर्षाची शिक्षा झाली, त्यातले सुमारे तेरा महिने भोगले, तेही दिवसा कामाला बाहेर जायची सवलत घेऊन. 'कायद्याला हरताळ फासला' हे वाक्य इथे शब्दशः बसतं. कायदा लिहिलेला होता, त्यावर लेप दिला आणि वर दुसरंच लिहिलं.

आपल्याला अंधारात ठेवलं म्हणून त्या वेळी न्यायालयात गेलेल्या दोघी पीडिता 'जेन डो १' आणि 'जेन डो २' अशा नावांनी गेल्या. आपल्या 'अबक' किंवा 'क्ष'सारखीच ही सोय. सुमारे साडेदहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, न्यायाधीश केनेथ मारा यांनी कायदा मोडला गेल्याचा निकाल दिला. पुढे २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाच्या पूर्ण पीठाने सात विरुद्ध चार मतांनी उलट ठरवलं: वागणूक लाजिरवाणी होती, पण आरोपपत्रच दाखल झालं नसेल तर या कायद्याखाली स्वतंत्र दावा लावता येत नाही. म्हणजे खटला भरायचाच नाही असं गुपचूप ठरवलं, की ठरवल्याची दादही मागता येत नाही. हे मला अजून पचलेलं नाही.

शब्दाकडे परत येतो, कारण खरी मेख पुढे आहे. नाव झाकायला मराठीत एक शब्द आहे आणि प्रकरण झाकायला दुसरा: पांघरूण घालणं. इंग्रजी बातमीत दोन्हींना एकच क्रियापद चालतं, कारण पट्टी तीच, काळीच. आपल्याला निवडावं लागतं, आणि निवडताना पट्टीखाली कोण आहे याचा विचार करावा लागतो. अमेरिकी संसदेने नोव्हेंबर २०२५ मध्ये कागदपत्रं खुली करण्याचा जो कायदा केला, त्यातही हाच भेद आहे. पीडितांची ओळख पटेल असा मजकूर झाकता येईल, पण कुणाची नाचक्की होईल किंवा राजकीय अडचण होईल म्हणून नाही. पहिलं झाकणं, दुसरं पांघरूण. डिसेंबरात पहिला गठ्ठा आला तेव्हा एक ११९ पानी दस्तऐवज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काळा होता. आणि त्याच्या आधीच्या महिन्यात, संसदीय समितीने प्रसिद्ध केलेल्या कागदांत कित्येक पीडितांची नावं झाकायचीच राहिली, असं त्यांच्या वकिलांनी न्यायाधीशांना कळवलं होतं. कागद जाहीर व्हावेत ही तर त्या बायकांचीच मागणी होती. त्यांना कागद जाहीर व्हायला हवे होते, स्वतःचा बभ्रा नको होता. 'जाहीर' आणि 'बभ्रा' या दोन शब्दांत जेवढं अंतर आहे, तेवढंच ते मागत होत्या.

झाकण नीट बसलं नाही तर काय होतं याचा एक नमुना भाषाप्रेमींना आवडेल. एपस्टाईनची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिच्या जबानीची प्रत ऑक्टोबर २०२० मध्ये खुली झाली, नावं झाकून. पण शेवटी शब्दसूची जोडलेली होती. जबानीतला प्रत्येक शब्द, वर्णानुक्रमे, पान आणि ओळीच्या आकड्यासह. सूचीतली नावंही काळी केली होती, क्रम मात्र तसाच ठेवला. मग काय, काळी पट्टी कोणत्या दोन शब्दांच्या मध्ये आहे ते पाहून पत्रकारांनी नावांची आद्याक्षरं हेरली आणि बरीच नावं ओळखून काढली. बाराखडीने फितुरी केली!

आपल्याकडेही नाव झाकण्याचा कायदा एका मराठी मुलुखातल्या खटल्यानंतरच आला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून दोन पोलीस सुटले, देशभर संताप झाला, आणि १९८३ च्या दुरुस्तीत पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा ठरला. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. निकालपत्राच्या शीर्षकात नाव आहे ते आरोपी शिपायाचं. पण वकील, प्राध्यापक, कार्यकर्ते सगळे तो खटला आजही तिच्या नावाने ओळखतात. मी ते इथे लिहिलेलं नाही.

तर बातमी अशी लिहावी: 'पीडितांची नावं झाकून कागदपत्रं खुली केली.' नाव बड्या माणसाचं असेल आणि झाकायला कायदेशीर कारण दिसत नसेल, तर 'दडवलं' म्हणावं, तिथे सौम्य शब्दाची गरज नाही. कोर्टात नकला तयार करणाऱ्या मंडळींच्या तोंडी यासाठी आणखी एखादा शब्द असेल तर जरूर कळवा. कारकुनांकडे असे शब्द कोशकारांच्या आधी असतात.