समोरच्या दातांना पोर्सिलेनचे व्हेनिअर (दातावर चिकटवायचे पातळ कवच) बसवलेत. ते जास्त वर्षं टिकावेत म्हणून काय करू?

समोरच्या दातांनी ऊस सोलणं नि सुपारी फोडणं कायमचं बंद करा. व्हेनिअर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, आडवा जोर पडला की कडेचा टवका उडतो. लातुरात दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दुरुस्तीला येणाऱ्यांत हेच जास्त दिसतं. ब्रश मऊ घ्या, मिश्री नि कोळशाचं मंजन नको, चकाकी जाते. व्हेनिअरला कीड लागत नाही, पण हिरडीलगतच्या जोडापाशी आतल्या दाताला लागते, म्हणून तिथे रोज फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा) फिरवा. झोपेत दात खात असाल तर नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कव्हर, घ्याच. एवढं पाळलं तर पोर्सिलेन साधारण १०-१५ वर्षं जातं. कंपोझिटचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या प्लास्टिकसारख्या मालाचे, असते तर हा हिशेब लागू नव्हता, ते लवकर झिजतात आणि चहाचे डागही धरतात.