दहाही जागा भरायलाच हव्यात का?

"मॅडम, सगळेच वाढवून लिहितात. आमच्याच मुलीनं खरं लिहून मागं राहायचं?" फोंडा तालुक्यातल्या एका आईनं नोव्हेंबरात मला विचारलं. दर वर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. मुलगी बारावीला, अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच चालणारा ऑनलाइन अर्ज भरत होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

या अर्जात अभ्यासाबाहेरच्या कामांसाठी दहा जागा असतात. प्रत्येकीत आठवड्याचे तास, वर्षातले आठवडे आणि वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. हिनं दहाही भरल्या होत्या. पहिलीच 'किनारा स्वच्छता संस्थेची संस्थापक'. मी तासांची बेरीज केली. आठवड्याला ६८! हायर सेकंडरी आणि ट्यूशन वेगळीच.

"मिरामारच्या किनाऱ्यावर किती वेळा गेलीस?"

"एकदा. शाळेतनं नेलं होतं."

आईची मान खाली गेली. मला वाईट वाटलं, कारण हे लबाडीतून नव्हे, भीतीतून आलं होतं.

अर्ज पाठवताना माहिती खरी असल्याची सही विद्यार्थी स्वतः करतो, खोटं निघाल्यास मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. २०१९ साली उघड झालेल्या अमेरिकेतल्या प्रवेश घोटाळ्यात तर कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू दाखवलं होतं, काही पालक तुरुंगात गेले. हे सांगितलं, पण नुसत्या धाकानं मूल खरं लिहायला लागत नाही.

म्हणून विचारलं, "श्रावणात संध्याकाळी कुठं असतेस?"

"देवळात. घुमट आरतीची तालीम."

घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला चामडं ताणून केलेलं गोव्यातलं तालवाद्य. मग ती बोलतच राहिली. वाड्यावरच्या सहा मुलींना ती घुमट शिकवते. घुमटाच्या साथीचं शामेळ हे तालवाद्य वाजवणारी मिळेना, तर चुलतबहिणीला बसवून तयार केली. चवथीत, म्हणजे गणेशोत्सवात, घरोघरी आरत्या. आजोबांना दिसेनासं झाल्यापासून कुळागरातल्या (घरच्या बागेतल्या) सुपारीचा हिशेबही तीच लिहिते.

"हे पण लिहायचं असतं?" आईनं विचारलं.

असतं. घरच्या जबाबदाऱ्यांसाठी त्या अर्जात वेगळा प्रकारच आहे. आणि घुमट वर्षातून आठच आठवडे, तर आठच लिहायचे. हंगामी काम कमी दर्जाचं नसतं. तास अंदाजानं लिहिले तरी चालतात, फुगवून नाहीत.

दोघी वर्णन लिहायला बसलो. संस्थेच्या ओळीत 'अनेक उपक्रम राबवले' यापलीकडे तिला काही सुचलं नव्हतं. घुमटाला १५० अक्षरं पुरेनात. शेवटी कोणती मुलगी, कोणता ताल गाळायचा यावर आम्ही अर्धा तास घालवला.

आईच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं: प्रवेश मिळेलच असं मी सांगू शकत नाही. पण मुलाखतीत कुणी काही विचारलं, तर हिला आठवून बोलावं लागणार नाही.

सहा जागा भरल्या, चार रिकाम्या राहिल्या. अर्ज जाण्याच्या आदल्या रात्री आईचा फोन आला, त्या चार जागांबद्दलच. म्हटलं, "राहू देत." पलीकडून मुलीचा आवाज आला, "आई, मी सही केली."