टोनी आयोमीची बोटं, त्याच्या सैल तारा आणि 58व्या वर्षी काढलेला नवा बँड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुतण्या 16 वर्षांचा. कडबाकुट्टीत त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं. सहा महिन्यांपासून तो गिटार शिकत होता, आता गिटार पलंगाखाली आहे. कोणीतरी त्याला सांगितलं की ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याचीही बोटं अशीच गेली होती. हे खरं का, खरं असेल तर तो वाजवायचा कसा, आणि एवढं नाव कमावलेला माणूस साठीच्या तोंडावर 'हेवन अँड हेल' नावाचा वेगळा बँड का काढतो?

खरं आहे. माझ्याही डाव्या हाताच्या अनामिकेला पुढचं पेर नाही, म्हणून हे उत्तर मन लावून लिहितो. 1998 साली जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर ते गेलं. दिवसा प्रेस आणि रात्री ऑर्केस्ट्रात लीड गिटार असं माझं चाललं होतं. लग्नसराईत चोपडा, यावल, पाचोरा, अमळनेर, कुठेही सुपारी असायची. बोट गेलं तेव्हा मला मशीनपेक्षा गिटारचीच काळजी जास्त होती. आयोमीची गोष्ट तेव्हा कळली, भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका मित्राकडून. त्याच्याकडे कॅसेटी होत्या. तो दवाखान्यात आला तो डबा न आणता टेपरेकॉर्डर घेऊन आला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तो म्हणाला, "भाऊ, हात ते शे ना तुना!" (हात तर आहे ना तुझा!) आणि बटण दाबलं.

आता आयोमी. जन्म 19 फेब्रुवारी 1948, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. कारखान्यांचं शहर, धूर, लोखंड, पाळ्या. तोही पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. 1965 साली, 17व्या वर्षी, त्याने नोकरी सोडायची ठरवली, कारण एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आल्यावर तो आईला म्हणाला की आता परत जात नाही. आईने सांगितलं, हातातलं काम पुरं करून ये. तो परत गेला. त्याचं रोजचं काम वेल्डिंगचं, पण त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं. प्रेस हातावर आली, त्याने झटक्यात हात मागे ओढला, आणि मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तिथेच राहिली.

प्रेसवर काम केलेल्या माणसाला हे वाचताना पोटात खड्डा पडतो. बदलीचा माणूस, सवय नसलेलं मशीन, अर्ध्या दिवसाची घाई. माझंही नेमकं असंच झालं होतं.

आयोमी डावखुरा. त्यामुळे त्याची गेलेली बोटं उजव्या हाताची, म्हणजे तारा दाबायच्या हाताची. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. मग कारखान्यातला वरचा माणूस त्याच्या घरी एक रेकॉर्ड घेऊन आला आणि हे ऐक म्हणून मागे लागला. आयोमीला त्या वेळी दुसऱ्या कोणाची गिटार ऐकायची मुळीच इच्छा नव्हती. पण त्याने ऐकली. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट. 1928 साली राहत्या गाडीला आग लागून या माणसाच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली होती. उरलेल्या दोन बोटांवर तो असे सोलो वाजवायचा की युरोपातले चांगले चांगले गिटारवाले थक्क व्हायचे. त्या रेकॉर्डने आयोमीला उठवलं.

पुढचं काम कारागिराचं आहे. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून तिच्या गोळ्या केल्या. तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यांना भोक पाडलं, बोटात बसतील अशा केल्या, पॉलिश पेपरने घासून आकार दिला. नुसतं प्लॅस्टिक तारेवरून घसरतं, म्हणून जुन्या जाकिटाच्या चामड्याचे तुकडे वर चिकटवले. अशा टोपणांवर त्याने सगळी कारकीर्द काढली.

टोपण झालं तरी दुसरी अडचण राहतेच. टोपणाला स्पर्श कळत नाही. तार बोटाखाली आली की नाही, किती दाबली, हे कानानेच ओळखायचं. जास्त दाबली की सूर चढतो, कमी दाबली की तार भणभणते. शिवाय जाड तार दाबली की आतलं हाड दुखतं. आयोमीने यावर पहिला उपाय केला तो तारा बदलण्याचा. त्या काळी इंग्लंडमध्ये गिटारच्या बारीक तारा मिळत नव्हत्या, म्हणून त्याने वरच्या दोन जागी बँजोच्या तारा लावल्या आणि बाकीच्या तारा एकेक घर खाली सरकवल्या. (आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीतला बटणांचा बँजो वेगळा आणि त्यांचा बँजो वेगळा, पण तारा दोन्हीकडे बारीकच. मी ही युक्ती ऐकून जळगावात आपल्या बँजोच्या तारा आणून लावल्या होत्या. आवाज पातळ झाला, पण पहिल्यांदाच हात न दुखता एक अख्खं गाणं वाजलं.)

दुसरा उपाय सूर उतरवण्याचा. ब्लॅक सॅबथच्या 1971च्या तिसऱ्या अल्बमपासून त्याने काही गाण्यांसाठी सगळी गिटार तीन अर्धस्वर खाली लावली. गणित करून बघा. त्याच लांबीच्या, त्याच जाडीच्या तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तीन अर्धस्वर खाली आलं की कंपनसंख्या 84 टक्क्यांवर येते, आणि ताण 71 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बोटाला जवळजवळ 30 टक्के कमी जोर लावावा लागतो. बँडमधला बास गिटारवाला गीझर बटलर, त्यानेही बास तसाच खाली उतरवला. सैल तार, मोठा ॲम्प, खाली गेलेला सूर, यातून जो जड, घरघरता आवाज निघाला त्याला पुढे हेवी मेटल म्हणून जगाने डोक्यावर घेतलं. इतरांनी शैली म्हणून उचललेला तो खर्ज आयोमीकडे दुखऱ्या हाताची सोय म्हणून आला होता.

आणखी एक गोष्ट पुतण्याला आवडेल. पॉवर कॉर्डमध्ये फक्त सा आणि प असतात, गंधार नसतोच. तर्जनी सा वर, करंगळी प वर, मधली दोन बोटं मोकळी. माझी पहिली तीन वर्षं याच दोन बोटांवर निघाली. आणि ब्लॅक सॅबथच्या नावाचं जे गाणं आहे, त्याची मुख्य ओळ फक्त तीन सुरांची आहे: खालचा सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. आपल्या यमनमध्ये हाच तीव्र म किती लोभस लागतो. तिथे पंचम, गंधार, निषाद त्याच्या सोबतीला असतात. आयोमीने तो एकटा उभा केला, आसपास कोणी नाही, आणि संथ लयीत त्यावर थांबून राहिला. रात्री बारा वाजता तापीच्या पुलावर बंद पडलेल्या गाडीत बसल्यासारखं वाटतं. तीन सूर वाजवायला दहा बोटं लागत नाहीत.

कारकीर्द लांब आहे, भरभर सांगतो. 1968च्या शेवटी काही आठवडे तो जेथ्रो टल या बँडमध्ये जाऊन आला. तिथे तालमी सकाळी वेळेवर सुरू होतात हे त्याने पाहिलं आणि परत येऊन आपल्या पोरांना तीच शिस्त लावली. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि 13 फेब्रुवारी 1970ला आला. 1979 साली गायक ऑझी ऑझबर्नला बँडने काढलं. मग रॉनी जेम्स डिओ आला आणि 1980 साली 'हेवन अँड हेल' हा अल्बम झाला. डिओ 1982 साली गेला. त्यानंतर इयन गिलन, ग्लेन ह्यूज, टोनी मार्टिन असे गायक येत राहिले. मध्येच डिओ परत आला आणि 1992 साली पुन्हा गेला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या बँडमध्ये न बदललेला माणूस एकच, आयोमी.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला सगळ्यात जवळचा आहे.

2006 साली डिओच्या काळातल्या गाण्यांचा एक संग्रह निघायचा होता, त्यासाठी तीन नवी गाणी करायला हे लोक पुन्हा एकत्र आले. काम जमलं, दौरा ठरला. चौघे होते: आयोमी, बटलर, डिओ आणि ड्रमवर विनी ॲपिसी. हे चौघे आधी ब्लॅक सॅबथ म्हणूनच वाजवत होते, त्यामुळे ते नाव लावलं असतं तर तिकिटंही कदाचित जास्त खपली असती. पण ब्लॅक सॅबथ लिहिलं की समोरचा माणूस ऑझीच्या वेळची गाणी मागणार, आणि त्यांना वाजवायची होती फक्त डिओबरोबरची. म्हणून 1980च्या अल्बमचंच नाव त्यांनी बँडला दिलं. 2007 साली दौरा झाला आणि 2009 साली पूर्ण नवा अल्बम आला, 'द डेव्हिल यू नो'. माझ्या मते आयोमीच्या उतारवयातलं सगळ्यात भरीव काम तेच आहे. घाई कुठेच नाही. एकेक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, दगडी जात्यासारखी फिरते आणि वर डिओचा आवाज, त्या वेळी वय 66, अजून खणखणीत. त्याच वर्षी डिओला पोटाचा कॅन्सर निघाला. 16 मे 2010ला तो गेला, आणि त्याच्या आठवणीतला एक शेवटचा कार्यक्रम करून बँडही संपला. डिओशिवाय त्या नावाला अर्थ नव्हता.

नावाचं हे ओझं काय असतं ते मी पाहिलं आहे. आमचा ऑर्केस्ट्रा बावीस वर्षं चालला. डीजे आले, सुपाऱ्या आटल्या, मालक थकले. तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघे जुने-नवे पुन्हा बसलो: मी, पाचोऱ्याचा एक बँजोवाला, ढोलकीवर माझा भाचा आणि एक गाणारी मुलगी, शिक्षिका आहे. आम्हाला अहिराणीत आमचीच गाणी करायची होती. मालकांनी मोठ्या मनाने सांगितलं, जुनं नाव वापरा. पहिला कार्यक्रम त्याच नावावर केला आणि दोन गाणी होईपर्यंत मांडवातून चिठ्ठ्या यायला लागल्या: सिनेमातली जुनी गाणी, नागीण, कव्वाली. लोकांची चूक नव्हती. त्यांनी ज्या नावाला बोलावलं होतं त्या नावाचंच ते मागत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही नाव बदललं. सुपाऱ्या निम्म्याहून कमी झाल्या, पण आता जे बोलावतात ते आमची गाणी ऐकायला बोलावतात. गेल्या श्रावणात कानबाईच्या रात्री एका गावात आम्ही सलग दीड तास फक्त स्वतःची गाणी वाजवली. माझं वय 53 आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

आयोमीचं पुढचंही सांगून टाकतो. 2012 साली त्याला लिम्फोमा हा कॅन्सर निघाला. उपचार घेत घेत त्याने ऑझीबरोबर ब्लॅक सॅबथचा '13' हा अल्बम पूर्ण केला, तो 2013 साली आला. 5 जुलै 2025ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले, आयोमी तेव्हा 77 वर्षांचा होता. सतरा दिवसांनी ऑझी गेला.

आता पुतण्याचं. पहिली गोष्ट, तो सहाच महिने शिकला आहे. त्याने गिटार उलटी धरावी, डावखुऱ्यासारखी, म्हणजे तारा उजव्या हाताने दाबायच्या. आयोमीनेही नंतर म्हटलं आहे की तेव्हाच हात बदलायला हवा होता, पण काही वर्षं वाजवून झाली होती आणि पुन्हा पहिल्यापासून शिकायचा धीर नव्हता. माझंही तेच झालं. तुमच्या पुतण्याचे सहाच महिने वाया जातील, ते काहीच नाहीत.

त्याला हात बदलायचाच नसेल तर नऊचा किंवा आठचा, म्हणजे बारीक तारांचा सेट लावा, इलेक्ट्रिक गिटारवर, कारण साध्या गिटारच्या तारा जास्त कडक असतात. सूर एक-दोन अर्धस्वर उतरवा. टोपण करायचं असेल तर जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय करू नका. गरम प्लॅस्टिक बोटावर कधीच घालायचं नाही. आधी बोटाचा मेणाचा ठसा घ्या, प्लॅस्टिकला आकार त्या ठशावर द्या. वरचं चामडं मोच्याकडून घ्या, पातळ आणि मऊ बकऱ्याचं. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने टोपण निसटतं, तेव्हा आतून कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या. माझी पहिली चार टोपणं वाया गेली, पाचवं अकरा वर्षं चाललं.

बोटाची लांबी आणि घेर मिलिमीटरमध्ये मोजून इथेच खाली लिहा. माझ्याकडे चामड्याचा तुकडा शिल्लक आहे.