घरी आणल्यावर लेक पुन्हा का उतरली?

मावशी, माझी मुलगी दीड वर्षाची. दंडाला घेर मोजायची पट्टी लावली तर लाल आली, म्हणून अंगणवाडीताईंनी तिला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. १४ दिवसांनी हसतखेळत घरी आली. महिना होत नाही तोच जुलाब लागले, वजन पुन्हा उतरलं. मी घरी विड्या वळते. सासूबाई म्हणतात, आईचं सगळं लक्ष विड्यांत. माझंच चुकलं का? फॉलो-अपला जायची लाज वाटते.
– एक आई, सोलापूर

पोरी, आधी जुलाबाचं बघू. अजून थांबले नसतील तर आजच तिला दवाखान्यात ने. डिस्चार्ज कार्ड बरोबर घे आणि गेल्या गेल्या सांग, ‘ही अतितीव्र कुपोषणासाठी भरती होती.’ अशा लेकरांना सलाईन नि ओआरएस किती आणि कसं द्यायचं, याचा हिशेब वेगळा असतो. अंगावर पाजत असशील तर ते वाटेतही थांबवू नकोस. डोळे खोल गेले, पाणी पिईना, निपचित पडली किंवा पावलांवर सूज दिसली, तर रात्र असली तरी सिव्हिल गाठ.

आता तुझा प्रश्न. नाही, तुझं चुकलं नाही. पट्टी लाल येते, म्हणजे दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली जातो, तेव्हा नुसती चरबी झडलेली नसते, आतडी आणि प्रतिकारशक्तीही खचलेली असते. वजन लवकर भरतं, हे आतलं भरायला महिने लागतात. म्हणूनच घरी आल्यावरचे पहिले महिने नाजूक, आणि म्हणूनच दोन महिने दर १५ दिवसांनी बोलावतात. वजन घटलं असेल तर त्या तारखेला हमखास जायचं. तिथं कुणी तोडून बोललंच तर आशाताईंना सोबत ने, पण तारीख चुकवू नकोस.

जेवणाचं सांगते. वरणाचं पाणी, भाताची पेज यानं पोट भरतं, अंग भरत नाही. ज्वारीची मऊ भाकरी वरणात किंवा दुधात अगदी बारीक कुस्कर, वर चमचाभर तेल आणि शेंगदाण्याचा बारीक कूट घाल. अख्खा दाणा देऊ नकोस, घशात अडकतो. आपली शेंगाचटणी तिला तिखट पडेल, कूट बिनतिखटाचाच ठेव. जमेल त्या दिवशी अंडं. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. ताटली तिची वेगळी असू दे, म्हणजे किती खाल्लं ते कळतं. अंगणवाडीचा आहारही तिच्यासाठी बाजूला काढून ठेव, घरात वाटला की तिच्या वाट्याला चिमूटभर येतो.

आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, पिंपात साठवावंच लागतं. पिंप झाकलेलं हवं, पाणी दांड्याच्या ओगराळ्यानं काढायचं, आणि तिला पाजायचं ते उकळून गार केलेलं. मांडीवरून विड्या वळायचं सूप खाली ठेवलंस की साबणानं हात धुऊन मगच तिला घे. तंबाखूची धूळ नखांत बसते, तीही निघायला हवी. सूप, पानं, तंबाखू तिच्या हाती लागणार नाही असं ठेव.

सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. पुढच्या तारखेला त्यांनाच बरोबर घेऊन जा, तिथल्या ताईंकडून त्यांना ऐकू दे. दुपारी तू हजार विड्यांचा हिशेब पुरा करत असताना तिला त्यांच्याकडे दे. गाणी म्हणायची, वाटी-चमचा वाजवायचा, नावानं हाका मारायच्या. जागतिक आरोग्य संघटनेनं या मुलांच्या उपचाराच्या दहा पायऱ्या सांगितल्यात, त्यात खेळ आणि माया ही औषधाच्या जोडीनं एक पायरी आहे. ते काम आजी तुझ्यापेक्षा चांगलं करेल, आणि तसं त्यांना सांगूनही टाक.