बारीक गाळणारा ऑइल फिल्टर लावला तर इंजिनला तेल कमी पडेल का?

चांगल्या फिल्टरमध्ये सहसा नाही. गाळणी बारीक केली की कागदाचं क्षेत्रफळ वाढवून भरपाई करतात. फिल्टर कापून पाहा, दाट घड्या दिसतील, त्या याचसाठी. खरी परीक्षा थंड इंजिनची. घट्ट तेल कागदातून पटकन जात नाही, दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ठरलेल्या आकड्यापर्यंत (साधारण ८ ते २२ पीएसआय) पोचला की बायपास व्हॉल्व्ह (कागद टाळून तेलाला थेट वाट देणारी झडप) उघडतो. बेअरिंगला न गाळलेलं तेल मिळतं, पण कोरडं चालण्यापेक्षा ते कितीतरी बरं! फिल्टर चोंदला तर मात्र गरम इंजिनमध्येही बायपास उघडतो आणि कचरा फिरत राहतो. म्हणून नुसते आटे जुळले म्हणून फिल्टर घेऊ नका, बायपासचा दाबही जुळायला हवा. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसून इंजिनच्या ब्लॉकमध्येच (मुख्य सांगाड्यात) असतो.